विघ्नहर्त्याच्या मंडपात गल्लीची सभा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणरायाचे आगमन झाले की गिरगावची कळा पालटते. एरवी ज्या जिन्यावर शेजारी शेजाऱ्यास केवळ मान हलवून पुढे जातो, त्याच जिन्यावर प्रसादाच्या वाट्या वरखाली होऊ लागतात. बोरिवली, डोंबिवली, विरार अशा दूरच्या उपनगरांत बिऱ्हाड हलविलेली मुले, सुना आणि नातवंडे दीड दिवसासाठी का होईना, मूळ घरी परततात. फणसवाडीसारख्या वस्तीत या दहा दिवसांत जेवढी माणसे एकत्र दिसतात, तेवढी वर्षभरात पुन्हा क्वचितच दिसतात. अशा मंगल समयी देवाच्या दारात नळ, गटार, रस्ता आणि आगीचा बंब यांच्या गोष्टी काढणे काही भाविकांस रुचणार नाही. तरीही आज त्याच गोष्टी काढावयाच्या आहेत. कारण आमच्या मते त्या देवाच्या दाराबाहेरच्या नाहीत.

गणपती या नावातच गण आहे. गण म्हणजे समुदाय, आणि त्याचा जो स्वामी तो गणपती. प्रत्येक शुभकार्यात अग्रपूजेचा मान त्याचा, कारण तो विघ्ने दूर करणारा. परंतु विघ्न म्हणजे केवळ पुराणातील असुर नव्हे. चौथ्या मजल्यावरील वृद्धेच्या छातीत मध्यरात्री कळ यावी आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टेम्पोमुळे रुग्णवाहिका आत शिरू नये, हे विघ्न नव्हे काय? घरगल्ली तुंबून सांडपाणी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात शिरावे, हे विघ्न नव्हे काय? आपण सकाळसंध्याकाळ विघ्नहर्त्याची आरती करतो आणि त्याच्या मखरापासून वीस पावलांवर असलेली विघ्ने मात्र ‘तो महापालिकेचा प्रश्न’ म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने आपल्या मांडवात गल्लीची सभा भरवावी, तीच सभा पुढे वर्षभर चालवावी, आणि या कामाचा आरंभ स्वतःच्या मांडवाने अडविलेली वाट मोकळी करून करावा.

एक गल्ली, पाच धनी

गिरगावातील आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी ही नावेच सांगतात की, येथे एके काळी वाड्या होत्या, झाडे होती, मोकळी जमीन होती. झाडे गेली, नावे राहिली. आज फणसवाडी ठाकूरद्वार, चिरा बाजार, भुलेश्वर आणि काळबादेवी यांच्या गजबजाटात दडलेली आहे. येथे मराठी कुटुंबांच्या चाळी आहेत, गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, दाक्षिणात्य वैष्णव परंपरेने पूजाअर्चा चालणारे श्रीवेंकटेश बालाजीचे मंदिर आहे, आणि १७८३ साली स्थापन झालेले, मुंबईतील सर्वांत जुने असे दादीशेठ यांचे आतशबेहरामही आहे. फणस बाहेरून काटेरी. पण सोलला की आत गरे एकमेकांस बिलगून बसलेले. ही वस्तीही तशीच आहे.

मात्र या वस्तीच्या वाटा हातगाडीच्या आणि घोडागाडीच्या काळच्या आहेत. त्याच वाटांवर आज बाजारपेठांचा माल वाहणारे टेम्पो, दुचाकी, हातगाड्या, पथारीवाले आणि देवदर्शनाला निघालेले भाविक यांची एकच दाटी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची वाट कफ परेडपर्यंत खुली झाली आणि गिरगाव व काळबादेवी ही दोन भूमिगत स्थानके रहिवाशांच्या उंबऱ्याशी आली. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु भूमीखालून अर्धी मुंबई झपाट्याने ओलांडणारा माणूस स्थानकाच्या पायऱ्या चढून वर आला की त्याची खरी परीक्षा सुरू होते. हातात पिशवी आणि बोटाला नातू धरून ठाकूरद्वाराहून भुलेश्वरापर्यंत चालत जाणारी आजीबाई हे एका वाक्यात सांगेल.

याचे कारण केवळ वस्तीची दाटी नव्हे. गल्ली एक असली तरी तिचे धनी अनेक आहेत. नळाचे पाणी, गटार आणि कचरा महापालिकेकडे. वीज बेस्टकडे. जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. वाहने कोठे उभी राहावीत आणि कोठे राहू नयेत, हे वाहतूक पोलिसांकडे. रात्रीचा बंदोबस्त स्थानिक पोलीस ठाण्याकडे. प्रत्येक खाते आपापल्या पुरते पाहते, आणि पाहिलेच तर आपल्या वेळेस पाहते. एक खाते रस्ता बुजवते, दुसरे तो पुन्हा खणते. भिंतीला टेकू लावणाऱ्यास त्या टेकूमुळे वाट किती अरुंद झाली याची फिकीर नसते. सगळी गल्ली एका नजरेने पाहणारा असा कोणीही अधिकारी शासनाच्या कोणत्याही कचेरीत बसलेला नाही. ती नजर फक्त त्या गल्लीत राहणाऱ्यास असते; आणि त्याला कोणी विचारीत नाही.

९ मे २०१५

हे सारे केवळ गैरसोयीचे असते तर उत्सवाच्या पानावर त्याची चर्चा आवश्यक नव्हती. परंतु फणसवाडीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीत ९ मे २०१५ रोजी जे घडले, त्याचे स्मरण या भागातील प्रत्येक घराने ठेवले पाहिजे. गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. अग्निशमन दल धावून आले. रहिवासी बाहेर निघाले. परंतु आग विझविण्याच्या कामी पुढे असलेल्या अधिकाऱ्यांवर इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोघे अधिकारी तेथे मृत्युमुखी पडले. उपमुख्य अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांनी भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात झुंज देऊन पुढे प्राण सोडले. एवढ्या मोठ्या शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आपल्या शेजारच्या गल्लीत कर्तव्य बजावताना कामी आला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्या दुर्घटनेची सर्व कारणे गल्लीच्या रुंदीत होती, असे कोणी म्हणणार नाही. इमारतीचे वय, लाकडी सांगाडा, दाटीने वसलेली दुकाने आणि बिऱ्हाडे अशी अनेक कारणे अशा आगीत एकत्र येतात. इमारतीचे वय आपण कमी करू शकत नाही, आणि लाकडी जिना एका वर्षात बदलू शकत नाही. परंतु आगीच्या बंबाची वाट मोकळी ठेवणे हे मात्र सर्वस्वी गल्लीच्या हातात आहे. त्यास निधी लागत नाही, निविदा लागत नाही; लागते ती केवळ गल्लीची एकवाक्यता.

एकवाक्यता नसली तर सद्हेतूनेही अनर्थ घडतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी, मुंबई जलमय झाली. त्या रात्री अनेक मंडळांनी अडकलेल्या प्रवाशांना मांडवात आसरा दिला, चहा आणि प्रसादाचे जेवण दिले. शहराने याबद्दल मंडळांचे ऋण मानले, आणि ते योग्यच होते. त्याच दिवशी बॉम्बे हॉस्पिटलमधील ख्यातनाम वैद्य डॉ. दीपक अमरापूरकर घरी परतताना उघड्या भुयारी गटारात पडून मरण पावले. साचलेले पाणी ओसरावे म्हणून गटाराचे झाकण उघडले गेले होते. झाकण उघडणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. परंतु उघड्या तोंडापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास सावध करण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते. मांडवातला आसरा आणि उघडे गटार या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते चांगुलपणाचे नाही. ते व्यवस्थेचे आहे.

कागदावरची सभा

यावर कोणी म्हणेल की, अशा व्यवस्थेसाठीच तर नगरसेवक आणि महापालिका आहे. खरे आहे, कायद्याने तर त्याहून अधिक दिलेले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार अशा समितीवर नगरसेवकांबरोबर बिगरसरकारी आणि लोकसंस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना घेता येते. पुढे २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची कल्पना आली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात एका लहान क्षेत्रातील मतदारांची सभा. तिने आपल्या भागातील कामांचा अग्रक्रम सुचवावा, त्रुटी दाखवाव्यात, असा तिचा हेतू. कल्पना उत्तम. अशी सभा आपल्या गल्लीत आजवर किती वेळा भरली, हा प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारावा. उत्तर बहुतेक घरांत सारखेच येईल.

त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, मुंबईचा कारभार प्रशासकाने पाहिला. या काळात नागरिकास आपले गाऱ्हाणे घेऊन जावयास हक्काचा नगरसेवक नव्हता. निवडणूक झाली, नगरसेवक आले, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या चार वर्षांनी एक धडा दिला आहे. ज्या गल्लीस स्वतःची बैठक नाही, तिचा आवाज एका व्यक्तीच्या पदावर अवलंबून राहतो. पद गेले की आवाजही जातो. नगरसेवक असला तरी त्याच्याकडे जाऊन काय मागावयाचे, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे गल्लीने आपसांत बसून ठरविलेले नसेल, तर जो मोठ्याने बोलतो त्याचे काम होते, आणि जिन्यातच थांबणाऱ्या वृद्धांचे राहून जाते.

मंडळच का?

मग ही बैठक कोणी बोलवावी? आमच्या मते गणेशोत्सव मंडळाने. हे आम्ही केवळ भक्तिभावाने म्हणत नाही. त्यास कारणे आहेत.

गल्लीतील प्रत्येक दार ज्याच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, अशी दुसरी संस्था नाही. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन ही मुले प्रत्येक मजल्यावर जातात. कोणत्या खोलीत कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, हे त्यांना माहीत असते. मांडवासाठी महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा आणि अग्निशमन दल यांच्या परवानग्या मिळविण्याचा सराव त्यांना आहे. विसर्जनाच्या दिवशी दोर धरून गर्दी आवरण्याचे शिक्षण त्यांनी अनुभवाच्या शाळेत घेतलेले आहे. हिशेबाचे बंधनही त्यांना नवीन नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले नसेल, तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी १९५० च्या न्यास कायद्याच्या ४१-क कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची परवानगी त्याला घ्यावी लागते. अर्थात मंडळ म्हणजे चार पोरांचा खेळ नव्हे. ती समाजास उत्तरदायी असलेली संस्था आहे.

आणि नागरी गरज व गणेशभक्ती यांचे नाते मुंबईस अपरिचित नाही. ज्या लालबागच्या राजापुढे आज लाखो भाविक नतमस्तक होतात, त्याचा उगम एका बाजाराच्या मागणीत आहे. पेरू चाळीतील बाजार १९३२ साली बंद झाला आणि तेथील मासळी विकणारे कोळी बांधव व लहान व्यापारी उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणरायास नवस केला. नवस करून ते घरी बसले नाहीत. तत्कालीन नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह, डॉ. कोरगावकर आणि इतर अनेकांनी खटपट केली. जागेचे मालक रजबअली तय्यबअली यांनी बाजारासाठी जागा देण्याचे मान्य केले. आणि १९३४ साली नवसाची मूर्ती बसली. हिंदू विक्रेत्यांचा नवस, गुजराती नगरसेवकाची धडपड आणि मुसलमान जागामालकाचे औदार्य : या तिहींच्या संगमातून तो उत्सव उभा राहिला. बाजारासाठी जागा मागणे त्या पिढीस देवाच्या दारात कमीपणाचे वाटले नाही.

खुद्द गिरगावातही हीच परंपरा आहे. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला आणि १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला. १९०१ साली टिळक स्वतः तेथे आले होते. चाळकऱ्यांनी एकत्र जमावे, विद्वानांचे विचार ऐकावेत, आपल्या स्थितीचा विचार करावा, हाच त्या उत्सवाचा प्राण होता. आरास नंतर आली. त्या चाळीतील मूर्ती आजही लहानच असते आणि पालखीतून निघते. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने या उत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. हा मान मिरवणुकीच्या लांबीसाठी नसून लोकसंग्रहाच्या या वारशासाठी आहे, असे आम्ही समजतो.

मंडळांच्या शब्दास वजन किती आहे, याचा पुरावाही याच २०२५ सालाने दिला. मांडवासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे २,००० रुपयांऐवजी १५,००० रुपये दंड घेण्याचे महापालिकेने ठरविले. मंडळांनी एकमुखाने विरोध केला, आणि उत्सवापूर्वीच दंड पुन्हा २,००० रुपयांवर आला. स्वतःच्या खड्ड्यांसाठी जी एकजूट झाली, ती रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी का होऊ नये? मांडवाच्या दंडासाठी ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजविले, त्यांनी घरगल्लीच्या सफाईसाठी चंदनवाडीतील सी विभागाच्या कार्यालयापर्यंत चालत जाणे कठीण नाही.

आधी आपला मांडव

परंतु दुसऱ्यास वाट मोकळी करावयास सांगणाऱ्याने आपली वाट आधी मोकळी केली पाहिजे. येथे भाविक मनास थोडे कठोर बोलणे भाग आहे. कित्येक गल्ल्यांत मांडव हाच सर्वांत मोठा अडथळा असतो. प्रवेशद्वारावरील कमानी, पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक, रांगेसाठी बांधलेले बांबू, ध्वनिक्षेपकांच्या भिंती : या सर्वांतून पालखीस वाट मिळते, बंबास मिळत नाही. सण साजरा करण्यासाठी रस्ता आणि पदपथ अडविण्याचा हक्क कोणत्याही धर्माच्या कोणाही संस्थेस नाही, अशा आशयाचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिले. ते आदेश काहींस उत्सवावरील आघात वाटले. वस्तुतः धर्माच्या दृष्टीनेही त्यात वावगे काही नाही. विघ्नहर्त्याच्या नावाने विघ्न उभे करणे यास पूजा म्हणता येणार नाही.

२०२० साली महामारीच्या काळात मंडळांनी मूर्तीची उंची चार फुटांवर आणली. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसविता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व रक्तद्रवदान यांची शिबिरे भरविली. त्यामुळे कोणाची भक्ती कमी झाली नाही. संकटात जे जमले, ते सुखाच्या दिवसांत मुळीच जमणार नाही असे नाही. गल्लीच्या सर्वांत अरुंद जागी फूटपट्टी लावावी, अग्निशमन केंद्रातील अधिकाऱ्यांस बोलावून बंबास किती जागा लागते ते विचारावे, आणि तेवढी वाट सोडूनच मांडवाचा पहिला खांब रोवावा. ज्या मंडळाने स्वतःची कमान दोन हात मागे घेतली, त्याने टेम्पोवाल्यास किंवा दुकानदारास ‘माल मागे घ्या’ म्हटले तर त्यास उलट उत्तर करण्याची हिंमत कोणास होणार नाही.

संकष्टीची बैठक

आता प्रत्यक्ष योजना. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरची एखादी संध्याकाळ निवडावी. आरती आटोपली की एक तास सभा. सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रास्ताविक नाही. विभाग कार्यालयातील, पोलीस ठाण्यातील आणि दुरुस्ती मंडळातील अधिकाऱ्यांस निमंत्रण द्यावे. मात्र त्यांनी व्यासपीठावर न बसता सतरंजीवर रहिवाशांमध्ये बसावे आणि ऐकावे. पहिल्यांदा स्त्रियांनी बोलावे. नळाची वेळ, पाण्याचा दाब, जिन्यातला अंधार, रात्री परतणाऱ्या मुलीस कोणत्या कोपऱ्यावर भीती वाटते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? कार्यकारिणीत पुरुषांचीच नावे असण्याचा प्रघात मोडावयासही ही सुरुवात उपयोगी पडेल.

सभेत एक वही ठेवावी. तीत तक्रार, ती कोणत्या कचेरीत दिली, नोंदणी क्रमांक, दिनांक आणि आलेले उत्तर, अशी पाच घरे आखावीत. एकट्या आणि आजारी माणसांची यादी मात्र भिंतीवर लावू नये; ती गल्लीतील दोन विश्वासू गृहिणींपाशी असावी, म्हणजे आग, पूर वा पडझड झाल्यास प्रथम कोणत्या दारावर थाप मारावयाची ते ठाऊक राहील. महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ आणि अग्निशमन दलाचा १०१ हे क्रमांक प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत रंगवावेत. वर्गणीतील काही भाग आरासीतून काढून अग्निशामक नळकांडी, एक स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी यांसाठी ठेवावा. पुढील वर्षी मांडवात जमाखर्चाचा फलक लागेल, त्याशेजारी या वहीचाही फलक लागावा : इतक्या तक्रारी, इतक्या मिटल्या, इतक्या शिल्लक.

आणि विसर्जनानंतर? येथे आपल्या व्रतपरंपरेनेच वाट दाखविली आहे. दर महिन्यास संकष्टी चतुर्थी येते. उपास करणारी माणसे चंद्रोदयाची वाट पाहत घरात असतात. स्वयंपाक झालेला असतो, ताट मात्र वाढावयाचे असते. संकष्टी म्हणजे संकटाच्या निवारणाचे व्रत. त्या प्रतीक्षेतील अर्धा तास गल्लीने एकत्र बसावे, वही उघडावी, मागील महिन्यात काय झाले ते वाचावे, पुढील महिन्यास एकच काम निश्चित करावे आणि चंद्रदर्शन घेऊन आपापल्या घरी जावे. वर्षात बारा बैठका, अधिक महिना असेल तर तेरा. याहून स्वस्त आणि याहून नियमित अशी नागरी व्यवस्था कोणता कायदा देऊ शकेल?

काही रास्त शंका

या योजनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतील काही रास्त आहेत. मंडळ निवडून आलेले नाही. त्याने गल्लीवर राज्य का करावे? उत्तर असे की, त्याने राज्य करावयाचेच नाही. पथारीवाल्यास हुसकणे, वाहनांची हवा सोडणे, रात्रीची दंडेली करणे हे सभेचे काम नव्हे. मागणे, नोंदविणे, विचारणे आणि पुन्हा विचारणे, एवढेच तिचे काम. निर्णय आणि बळ ही कायद्याने ज्यांची आहेत त्यांचीच राहावीत.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. मंडळे पुढाऱ्यांच्या हाती गेली, असे सर्रास म्हटले जाते. हे पूर्ण असत्य नाही. म्हणूनच सभेत कोणत्याही पक्षाचा झेंडा वा फलक नसावा, आणि वर्गणी न देणाऱ्यासही बोलण्याचा तितकाच अधिकार असावा. वर्गणी ऐच्छिक आहे. रहिवासीपण ऐच्छिक नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर : गणपतीच्या मांडवातील सभा पारशी, जैन, मुसलमान वा ख्रिस्ती शेजाऱ्यांस आपली वाटेल काय? निमंत्रण मनापासून असेल तर वाटेल. आग धर्म विचारून लागत नाही आणि गटार जात पाहून तुंबत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, तेव्हा पोलीस अधिकारी आणि विविध धर्मांचे शेजारी एका सतरंजीवर बसले, आणि त्याचा लाभ शहरास झाला. अग्यारीच्या दस्तुरांस, बालाजीच्या पुजाऱ्यांस, पेढीवरच्या शेठजींस आणि हातगाडी ओढणाऱ्या माथाडी बांधवांस मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः जाऊन बोलावणे करावे. कोणास मांडवात येण्याचा संकोच वाटला, तर संकष्टीची बैठक चाळीच्या चौकात घ्यावी. सभा महत्त्वाची, छत नव्हे.

अनंत चतुर्दशीला मूर्ती गिरगाव चौपाटीकडे निघते, तेव्हा आपण बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर येण्याची विनवणी करतो. पाहुण्यास लवकर बोलाविणाऱ्याने घर आणि अंगण नीट ठेवावयाचे असते, हा गृहस्थधर्म प्रत्येक घरास ठाऊक आहे. गल्ली हे आपल्या सर्वांचे अंगण आहे. या वर्षी एका तरी मांडवात वही उघडली जावो, एका तरी गल्लीत बंबाची वाट मोकळी होवो, आणि तसे करण्याची सुबुद्धी बुद्धिदात्या गणरायाने आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.